लीडसाठी व्हॉल्व्ह अँप: नौपाड्यातल्या टेबलावरच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

भाच्याने काम आणलंय. त्याच्या बँडमध्ये ड्रम्स, बेस, कीबोर्ड, ढोलकी आणि एक गाणारी मुलगी, त्यात हा लीड गिटार, म्हणजे सोलो, वाजवतो. प्रॅक्टिस तुर्भ्याला एका गाळ्यात. सध्याच्या डिजिटल अँपमध्ये घरी सगळे आवाज सुंदर येतात, पण बँड सुरू झाला की याचा सोलो गायब. "मामा, नॉब सगळे दहावर असतात, तरी मी कुठेच नसतो." मी म्हटलं, म्हणूनच नसतोस. त्याला ते पटलं नाही.

हवं ते असं: सोलोचा सूर जाड असावा, टिकावा, बोटाने दाबला तर पुढे यावा, हलकं वाजवलं तर स्वच्छ व्हावा. गिटार स्ट्रॅट ढंगाची, ब्रिजकडचा पिकअप हंबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा), नेककडचा सिंगल कॉइल (एका कॉइलचा, पातळ आवाजाचा). ठाण्याच्या दोन खोल्यांत सराव करता आला पाहिजे आणि गणपतीत स्टेजवरही चालला पाहिजे. व्हॉल्व्हचाच, म्हणजे काचेच्या ट्यूबचा, अँप हवा, हा त्याचा हट्ट. हट्ट मला मान्य आहे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांची व्हॉल्व्हची पेटी माळ्यावर अजून आहे.

३ जून, सोमवार

पर्याय लिहून काढले.

पहिला, पन्नास वॅटचा मार्शल २२०४, जेसीएम ८०० घराण्यातला. हे नाव १९८१ चं, सर्किट त्याआधीचं, सत्तरच्या दशकातलं. पॉवर ट्यूब दोन ईएल३४. त्याच्या दुसऱ्या स्टेजला (आवाज वाढवण्याच्या दुसऱ्या टप्प्याला) कॅथोडवर, म्हणजे ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर, १० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे, म्हणजे ती ट्यूब मुद्दाम थंड चालवलेली आहे. लाटेची एक बाजू लवकर कापली जाते आणि तो ओळखीचा करकरीत रॉक आवाज येतो. लीडला उत्तम, पण आमच्या बिल्डिंगमध्ये पन्नास वॅटच्या पॉवर ट्यूब कधीच तापणार नाहीत. सगळं डिस्टॉर्शन प्रीअँपमधून, म्हणजे आधीच्या छोट्या ट्यूबमधून, येईल आणि मग हा प्रपंच कशाला, हा प्रश्न राहीलच.

दुसरा, व्हॉक्स एसी१५ चा हल्लीचा अवतार. दोन ईएल८४, बारा इंची ग्रीनबॅक स्पीकर, मास्टर व्हॉल्यूम. चांगला आहे. बजेट वाढलं तर डोळे झाकून घ्यावा असा.

तिसरा, फेंडर ब्ल्यूज ज्युनिअर. पंधरा वॅट, हाही ईएल८४ वाला. डबा लहान, त्यामुळे आवाजही डब्यातून आल्यासारखा. माझं मत, इतरांचं वेगळं असू शकेल.

चौथा पर्याय घरातच निघाला. माझ्या कॉलेजच्या मित्राने काही वर्षांपूर्वी फेंडर ट्वीड डीलक्सचा, म्हणजे ५ई३ सर्किटचा, किट परदेशातून मागवून अर्धवट जोडला आणि सोडून दिला. मूळ अँप १९५५ ते १९६० या काळातला. पॉवरला दोन ६व्ही६, पहिल्या जागी १२एवाय७, दुसऱ्या जागी १२एएक्स७, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. बारा वॅटच्या आसपास. रॉक गिटारिस्ट नील यंगने कित्येक वर्षं १९५९ चा डीलक्स वाजवला, तो हाच.

वॅटचा हिशेब भाच्याला कागदावर करून दाखवला. बारा आणि पन्नास वॅटमध्ये फरक साडेसहा डेसिबलचाही नाही आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. ९८ डेसिबलचा स्पीकर असेल तर बारा वॅटवर एक मीटरवर १०८ च्या पुढे आवाज जातो. ढोलकीवाल्याशेजारी उभं राहायला तेवढा पुरेसा आहे.

या सर्किटची एक खोड मात्र आहे. व्हॉल्यूम वर नेला की खालचे सूर भसाभस फुगतात आणि पिठल्यासारखे पसरतात. सोलोला नेमकं तेच नको. पण सर्किट इतकं छोटं आहे की त्यातली प्रत्येक वस्तू हाताने बदलता येते. ठरलं, हाच घ्यायचा. मित्राने पैसे घेतले नाहीत, "वाजला की ऐकायला बोलव" एवढंच म्हणाला.

८ जून, शनिवार

चॅसिस उघडलं. जोडणी नीटस आहे. बोर्ड ग्लास-इपॉक्सीचा आहे हे बरं, मूळ अँपमधला काळा फायबरबोर्ड ओल धरतो आणि आपल्याकडचे चार महिने म्हणजे ओलच.

नियम भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितला. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये साडेतीनशे व्होल्ट बसलेले असतात. मल्टिमीटरने मोजायचे, १० किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टन्समधून उतरवायचे, परत मोजायचे, मगच बोट घालायचं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय स्विच टाकायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावला, साठ वॅटचा. क्षणभर पेटून मंदावला. शॉर्ट नाही.

मग थेट लाइनवर, आणि इथे कामाची गोष्ट सापडली. आमच्या घरी संध्याकाळी २४१ ते २४३ व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २२० आणि २४० असे दोन टॅप, म्हणजे वायर जोडायच्या जागा, आहेत आणि मित्राने २२० वर डाग दिला होता. परिणाम: हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ च्या जागी ६.९ व्होल्ट, प्लेटला (ट्यूबच्या जास्त व्होल्टेजच्या टोकाला) ३९४. चांगल्या ट्यूब अशाने वर्षाआड बदलाव्या लागतात आणि दोष मात्र ट्यूबच्या कंपनीला मिळतो. वायर २४० च्या टॅपवर नेली. आता हीटर ६.३५, प्लेट ३६१.

परदेशी किट किंवा सेकंडहँड अँप घेणाऱ्या कुणालाही मी आधी एवढंच विचारेन, टॅप कोणता आहे? अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन लागणारच, आणि तोही बारक्या शेव्हरचा नको, अँपच्या दुप्पट ताकदीचा हवा.

९ जून, रविवार

बायस. सूर नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा, ते ठरवणारा. हा अँप कॅथोड बायसचा आहे, म्हणजे दोन्ही ६व्ही६ च्या कॅथोडखाली मिळून एकच २५० ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि ट्यूब आपला बायस आपणच धरतात. फिरवायला स्क्रू नाही. मोजायला मात्र हवंच.

कॅथोडवर २० व्होल्ट. भागिले २५० म्हणजे ८० मिलिअँपिअर दोघींचे. निम्मे ४०, त्यातून स्क्रीन या आतल्या जाळीचे साधारण २ वजा. प्लेट ते कॅथोड ३४१ व्होल्ट. गुणाकार तेरा वॅटच्या जरा खाली येतो. ६व्ही६जीटीची नंतरच्या डेटाशीटमधली मर्यादा १४ वॅट. बसतं. जुन्या टॅपवर हाच आकडा पंधरा-सोळाकडे जात होता.

"मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर बायस ठेवा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो फिक्स्ड बायसच्या (बाहेरून ठरवलेल्या बायसच्या) क्लास एबी अँपसाठी आहे, उदाहरणार्थ ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट आणि प्लेटला ४६० व्होल्ट असतील तर ३८ मिलिअँपिअर. कॅथोड बायसला तो लावला तर अँप उगाच थंड आणि कोरडा होतो.

रेक्टिफायर बदलून जीझेड३४ घालावा, व्होल्टेज वाढेल, अशी भाच्याने कुठूनतरी माहिती आणली. नको. ५वाय३ मध्ये जोराचा सूर आला की व्होल्टेज दबतं आणि सावकाश परत वर येतं. त्यामुळे सुराचा पहिला घाव गोल होतो आणि मागचा भाग फुलतो. सोलोसाठी आपण याच गोष्टीकरता हा अँप निवडलाय. पहिला फिल्टर १६ मायक्रोफॅरडचा आहे, तोही तसाच ठेवला. मोठा घातला की ५वाय३ वर ताण येतो.

१५ जून, शनिवार

सर्किटला हात न लावता ऐकलं. जुना ऑर्केस्ट्राचा बारा इंची स्पीकर जोडला होता.

व्हॉल्यूम ४ पर्यंत फार गोड. हाताच्या वजनाला लगेच उत्तर देतो. ६ च्या पुढे वरच्या तारांवर छान भरतो, पण खालच्या तीन तारांवर एक जोराचा स्ट्रोक मारला की आवाज क्षणभर घुसमटतो, मग फर्र करून परत येतो. ब्रिजच्या हंबकरवर जास्त. दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम एकमेकांत अडकलेले आहेत, न वापरलेल्या चॅनलचा नॉब फिरवला तरी वाजणाऱ्या चॅनलचा आवाज बदलतो. भाच्याला हे फारच आवडलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना नाही.

२२ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाऊस, तरी दुकानं भरलेली. फिल्म कंडेन्सर ६३० व्होल्टचे, काही मेटल फिल्म रेझिस्टन्स, पाच वॅटचे वायरवाउंड, ट्यूब खोचायचे सिरॅमिक बेस. दुकानदार तरुण मुलगा. "काका, व्हॉल्व्हचं काम? अजून करतं कोणी?" करतात रे.

२३ जून, रविवार

आजचा दिवस सगळा बास काढण्यात गेला. जरा सविस्तर लिहितो, कारण लीड टोन म्हणून जे काही आहे त्यातलं निम्मं इथे आहे.

गिटारची खालची मोकळी ई तार ८२ हर्ट्झची. वरची ई ३३० ची, बाराव्या पडद्यावर ६५९, बाविसाव्या पडद्यावर ११७५. सोलो बहुतेक याच वरच्या पट्ट्यात चालतो. पण तारेच्या आवाजात ताकद खालच्या भागात जास्त असते. ट्यूबमध्ये जागा मर्यादित. खालचा सूर आधी जागा अडवतो, ट्यूब कापायला लागते आणि वरचे सूर त्या कापलेल्या लाटेवर बसून थरथरतात. म्हणून डिस्टॉर्शनच्या आधी बास कमी करायचा. हवाच असेल तर डिस्टॉर्शननंतर, स्पीकरमध्ये आणि खोक्यात परत मिळवायचा. हा क्रम उलटा झाला की गेन, म्हणजे सूर वाढवण्याचं प्रमाण, कितीही वाढवा, फक्त गोंगाट वाढतो.

बास कुठे कापायचा, हे मोजून बघितलं. दुसऱ्या ट्यूबच्या पहिल्या अर्ध्या भागाचा कॅथोड १.५ किलोओहम आणि २५ मायक्रोफॅरड असा आहे. म्हणजे ४ हर्ट्झपासून वरचं सगळं पूर्ण ताकदीने. तिथे ०.६८ मायक्रोफॅरड घातला की हा आकडा १५६ हर्ट्झवर जातो. त्याच्याखाली स्टेजचा गेन हळूहळू कमी, पण शून्य नाही, कारण कॅथोडच्या कंडेन्सरने काही डेसिबलच उतार मिळतो. हे सौम्य औषध आहे. मार्शलनेही लीडच्या अँपमध्ये हाच ०.६८ चा कंडेन्सर २.७ किलोओहमबरोबर वापरला, तिथे तो आकडा ८७ च्या आसपास येतो.

पहिल्या ट्यूबचा सामायिक कॅथोड ८२० ओहम, २५ मायक्रोफॅरड. तिथे ४.७ घातला. ४१ हर्ट्झ. इथे जास्त कापलं असतं तर नेकचा सिंगल कॉइल अगदीच पातळ झाला असता.

आता कपलिंग, म्हणजे एका स्टेजमधून पुढच्या स्टेजला सूर नेणारे कंडेन्सर. मूळ सर्किटमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. "०.०२२ टाक, बास जाईल" असं सगळेच सांगतात. आकडे काढले तर गंमत दिसते. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना एक मेगओहमच्या लोडवर ०.१ चा कोपरा (ज्याच्याखाली आवाज उतरायला लागतो तो आकडा) १.६ हर्ट्झ, ०.०२२ चा ७ हर्ट्झ. दोन्ही गिटारच्या कितीतरी खाली. मग फरक ऐकू का येतो? पॉवर ट्यूबच्या ग्रिडपाशी, म्हणजे सूर जिथे शिरतो त्या टोकापाशी, त्याचं उत्तर आहे. जोराचा सूर आला की ग्रिड करंट ओढतो, कंडेन्सर उलटा चार्ज होतो आणि तो चार्ज उतरेपर्यंत ट्यूब जवळजवळ बंद. पंधरा तारखेला ऐकलेली घुसमट ती हीच. २२० किलोओहमवर ०.१ ला उतरायला लागणारा वेळ २२ मिलिसेकंदांच्या मापाचा, ०.०२२ ला पाच. म्हणजे बास गेला असं जे वाटतं त्यात मोठा वाटा अँप लवकर शुद्धीवर येण्याचा आहे. पॉवर ट्यूबकडचे दोन्ही ०.०२२ केले, तिथे कोपराही ३३ हर्ट्झवर गेला. पहिल्या ट्यूबनंतरचेही तेच.

शिवाय दोन्ही ६व्ही६ च्या ग्रिडला बेसच्या पिनवरच ४.७ किलोओहम आणि फेज स्प्लिटरच्या (सुराच्या दोन उलट प्रती करून दोन्ही ६व्ही६ ना देणाऱ्या स्टेजच्या) ग्रिडला ४७० किलोओहमचा मोठा स्टॉपर रेझिस्टन्स. मूळ अँपमध्ये हे नव्हते. यांनी ग्रिड करंट आवरला जातो, नॉब वर नेल्यावरची फर्र कमी होते.

रात्री साडेआठला स्विच टाकला. खालच्या तारेवर घाव घातला, आवाज घुसमटला नाही. घट्ट राहिला. भाचा काही बोलला नाही, जेवायला बोलावलं तरी उठला नाही, एवढं पुरे.

३० जून, रविवार

पहिल्या जागेच्या ट्यूबची अदलाबदल. १२एवाय७, १२एटी७, ५७५१, १२एएक्स७, सगळ्या एकाच बेसमध्ये बसतात. अँप्लिफिकेशन फॅक्टर साधारण ४५, ६०, ७०, १०० असे चढते.

१२एएक्स७ घातल्यावर व्हॉल्यूम ३ वरच फाटायला लागतो. भाच्याचे डोळे चमकले. पण मग गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला तरी आवाज स्वच्छ होत नाही आणि ८ वर सगळं दाटीवाटीने एकच पट्टा होतो, सुरांमधलं अंतर संपतं. ५७५१ ठीक. शेवटी १२एवाय७ परत. गेन कमी पडला तर अँपच्या आधी पेडलने घ्यायचा, म्हणजे हवा तेव्हा बंद करता येतो.

दुसऱ्या जागेसाठी वडिलांची पेटी उघडली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७ चंच युरोपीय नाव. एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे बनत. काहींच्या काचेवरचा छाप पुसलेला. चालू असताना पेन्सिलीने हलकी टिचकी मारून तपासले. एक घंटेसारखा वाजत होता, तो बाद. कॉम्बोमध्ये (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) ट्यूब स्पीकरच्या डोक्यावरच बसलेल्या असतात, असला व्हॉल्व्ह मोठ्या आवाजात स्वतःच ओरडायला लागतो. राहिलेल्यांतला सर्वांत शांत बसवला. नव्या स्लोव्हाक ट्यूबपेक्षा तो "भारी" वाजतो का? डोळे मिटून मला फरक सांगता आला नाही. पण बसवला. वडिलांचा आहे.

६ जुलै, शनिवार

स्पीकर. माझ्या मते ट्यूबवर खर्च करणाऱ्यांनी तो पैसा इथे लावावा. या अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा आवाज थोडा उलटा करून परत आत देणं) नाही, त्यामुळे स्पीकरवर अँपची पकड सैल असते आणि स्पीकरचा स्वभाव पुरता बाहेर येतो.

ऑर्केस्ट्राचा जुना स्पीकर बाद. तो गाण्याच्या साउंडसाठी, वरपर्यंत सरळ जातो, आणि डिस्टॉर्शनची सगळी चरचर प्रामाणिकपणे ऐकवतो. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या आसपास झपकन खाली येतो, ते गिटारवाल्यांवर केलेले उपकारच.

ओळखीच्यांकडून उसने आणलेले दोन, दोन्ही सेलेस्टियन, दोन्ही ८ ओहमचे. ग्रीनबॅक जी१२एम, २५ वॅट, ९८ डेसिबल. व्हिंटेज ३०, साठ वॅट, १०० डेसिबल, दोन हजारांच्या वर उंचवटा.

घरी ग्रीनबॅक सरळ जिंकला. मऊ, लाकडी, सूर गोल. व्हिंटेज ३० वर भाच्याने कान धरले. "मामा, हा टोचतो रे." मी म्हटलं, घरी ढोलकी नाहीये, तुर्भ्याला दोन्ही घेऊन जाऊ, मग बोल.

१३ जुलै, शनिवार

तुर्भे. ट्रान्स-हार्बरने अँप, दोन स्पीकर, स्क्रू-ड्रायव्हर आणि भिजलेली छत्री. गाडीत एकाने विचारलं, हार्मोनियम आहे का. हो म्हटलं.

ग्रीनबॅक आधी. पहिल्या गाण्यात सोलो आला आणि बसला तो कीबोर्डच्या मागेच. कीबोर्डचा डावा हात आणि बेस यांनी तीनशे-चारशेपर्यंतचा भाग अडवलेला, ग्रीनबॅकचा गोडवा त्यातच विरघळला. व्हॉल्यूम वाढवला तर गोडवाच वाढला, सोलो नाही. मग व्हिंटेज ३०. तेच गाणं, नॉब तेच. दोन डेसिबलचा फायदा आणि तो दोन हजारांवरचा उंचवटा. सोलो समोर येऊन उभा. घरी टोचणारा भाग इथे इतर वाद्यांनी झाकला गेला आणि उरलेलं टोक तेवढं गाण्यातून बाहेर दिसलं. गाणारी मुलगी म्हणाली, "आज पहिल्यांदा कळलं, तू काय वाजवतोस."

मात्र ढोलकीवाल्याची तक्रार आली. त्याची कडक थाप आणि गिटारची वरची धार एकाच जागी आदळत होत्या. टोनचा नॉब ७ वरून ५ वर आणला, थोडं बरं.

खरा उपाय उभं राहण्यात निघाला. अँप जमिनीवर, भाचा त्याच्यापुढे दोन फुटांवर उभा. बारा इंची स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, तो याच्या गुडघ्यांना लागत होता. कानाला मंद वाटतं म्हणून हा टोन वाढवतो आणि समोर बसलेल्या ढोलकीवाल्याच्या थेट चेहऱ्यावर सोडतो. अँप खुर्चीवर ठेवला, किंचित मागे कलवला, आणि याला सहा फूट लांब उभं केलं. त्याने स्वतःहून टोन ४ वर आणला. यापुढे नॉब ठरवताना कान स्पीकरच्या उंचीवर, असा नियम.

व्हिंटेज ३० ठेवला. उसना आहे, विकत घ्यायची बोलणी सुरू.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी, साबुदाणा, आणि थोडी गुणगुण होती तिचा बंदोबस्त. हीटरच्या दोन वायरी पीळ घालून कोपऱ्यातून नेल्या, हीटरच्या मधल्या टॅपला जमिनीऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडवर टेकवलं. २० व्होल्ट वर उचललेल्या हीटरमधून गुणगुण कमी झिरपते. शांत झाला.

२७ जुलै, शनिवार

सोलोसाठी जादा धक्का. इबानेझच्या टीएस-८०८ घराण्याचा ओव्हरड्राइव्ह पेडल, भाच्याकडे होताच. पण भाचा तो चुकीच्या कारणाने वापरत होता, ड्राइव्ह पूर्ण आणि लेव्हल निम्मी.

या पेडलची खरी करामत गाळणीत आहे. त्याच्या क्लिपिंगच्या (लाट कापणाऱ्या) स्टेजमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड मालिकेत आहेत, म्हणजे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला गेन कमी. पुढे टोनची स्टेज वरचा भाग उतरवते. मध्ये राहतो तो मधला उंचवटा. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हलचा नॉब घड्याळातल्या तीनच्या जागी. आता पेडल स्वतः फारसं कापत नाही. फक्त बास गाळून मधला भाग जोराने अँपमध्ये ढकलतो आणि कापायचं काम ६व्ही६ करतात. तेवीस जूनला सोल्डरने जे केलं तेच, फक्त पायाखाली.

ही युक्ती जुनीच. साठच्या दशकात लंडनच्या डॅलसने रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर काढला, एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि इनपुटला अगदी छोटा कंडेन्सर. क्वीन बँडच्या ब्रायन मेने सुरुवातीला तोच व्हॉक्स एसी३० पुढे लावला. त्याच्या गाणाऱ्या सुरात गेनइतकंच श्रेय त्या कंडेन्सरचं.

प्रॅक्टिसला वापरला. सोलोला पेडल, एरवी बंद, ऱ्हिदमसाठी गिटारचा व्हॉल्यूम ६ वर. भाचा म्हणतो आता गेन कमी वाटतो पण सूर जास्त टिकतो. बरोबर. आवाजाने तार परत हलते, चरचरीने नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

घरच्या सरावासाठी ८ ओहमचा अॅटेन्युएटर, म्हणजे आवाज उतरवणारा डबा, अँप आणि स्पीकरच्या मध्ये. नऊ ते बारा डेसिबल उतरवले तर चालतं, त्यापुढे आवाज चपटा. यात अँपचा दोष नाही. कमी आवाजात आपल्या कानालाच बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, शिवाय स्पीकरचा कागद हलत नाही. म्हणून घरच्या आवाजात टोन ठरवायचा नाही, बोटं ठरवायची. आणि अॅटेन्युएटर लावला म्हणून ट्यूब वाचतात असं नाही, त्या आत तेवढ्याच राबतात.

वरच्या काकूंशी वेळ ठरली, संध्याकाळी सहा ते सात.

१४ सप्टेंबर, शनिवार

ऐरोलीत एका सोसायटीच्या गणपतीचा कार्यक्रम. अँप प्लास्टिकच्या खुर्चीवर, समोर शुअर एसएम५७ माइक. साउंडवाल्याने माइक स्पीकरच्या मधोमध रोखला होता, तिथे सगळ्यात तीक्ष्ण येतं. "दादा, जरा कडेला घ्या ना," म्हणून चार बोटं बाजूला सरकवून घेतला. लगेच भरला.

प्लग लावण्याआधी मंडपातला बोर्ड मल्टिमीटरने तपासला. अर्थिंग आहे, फेज-न्यूट्रल बरोबर. व्होल्टेज २२१. म्हणजे आपल्या २४० च्या टॅपवर हीटर ५.८, प्लेट ३३० च्या आसपास. अँप नेहमीपेक्षा लवकर फाटायला लागला, खालचा भाग जरा सैल. भाच्याला वाजवताना हे लगेच कळलं. व्हॉल्यूम ७ वरून ६ वर, पेडलची लेव्हल थोडी खाली, जमलं. दहाला लाउडस्पीकर बंद करायचे म्हणून शेवटचं गाणं गाळलं, पण त्याचे दोन्ही सोलो त्याआधीच झाले होते. मित्र आला होता. पुढच्या रांगेत बसून अँपकडेच बघत होता.

१५ सप्टेंबर, रविवार

भाच्याची मागणी: २२०/२४० चा स्विच मागच्या पट्टीवर बसवून दे. बसवणार नाही. एकदा २२० वर राहिला आणि घरी २४३ वर लागला की ६.९ व्होल्टचा हीटर परत आलाच. हवं तर पट्टीच्या आत, स्क्रू काढून बदलता येईल असा कनेक्टर देईन. त्यापेक्षा त्याला सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर आणून दिलाय. २२५ च्या खाली दिसलं तर व्हॉल्यूम एकने खाली, एवढंच पाठ करायचं.

केसमध्ये ठेवलेलं सामान: एक जोडी ६व्ही६, एक ५वाय३, एक १२एवाय७, १ अँपिअरचे स्लो-ब्लो फ्यूज, स्पीकरची जादा वायर. नॉब सध्या असे: व्हॉल्यूम ७, दुसरा चॅनल ३, टोन ४. पुढचा कार्यक्रम नवरात्रात, नेरूळला.